बसलेला डाग

खगोलशास्त्रावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनातल्या मनात तयारी केली असेल. रात्र असणार, थंडी असणार, गच्चीवर सतरंजी टाकलेली असणार, आणि हा पोरगा मान वर करून आपण सगळे किती छोटे आहोत वगैरे सांगणार. सॉरी. आमच्या खगोलशास्त्रात एकही तारा रात्री दिसला नाही. जो एक दिसला तो दुपारी बाराला, परळच्या एका कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, आणि त्याच्याकडे मान वर करून बघायला सक्त मनाई होती. आपण छोटे आहोत हे मला तिथे कळलं, हे खरं. पण ते विश्वामुळे नाही. बीकॉमच्या एका पोरामुळे.

मी बीएला. शाळा कणकवलीची, मग मामाकडे परळला. दहावीला सायन्समध्ये जे काही पडलं ते बघून सरांनी माझ्याकडे नाही, वडलांकडे बघितलं होतं. त्यामुळे सायन्सचा आणि माझा विषय तिथेच मिटला. मला येत होती एकच गोष्ट. नकला. कणकवलीत गॅदरिंगला मी हेडमास्तरांची नक्कल करायचो आणि हेडमास्तर पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायचे. मुंबईत आल्यावर कळलं की इथे प्रत्येक वर्गात एक नकल्या असतो, आणि हसायला कुणाला वेळ नसतो.

अशात फिजिक्सच्या मॅडमनी नोटीस लावली. सूर्याचा अभ्यास करायचाय, ज्यांनी दहावीनंतर विज्ञान सोडलं त्यांनीच यावं. हे वाचून अर्धं कॉलेज हसून पुढे गेलं. मी खालची ओळ वाचली. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा मेळावा असतो, तिथे आपल्या गटातला एक जण स्टेजवर काम मांडेल. स्टेज. माइक. समोर खुर्च्या आणि खुर्च्यांत माणसं. मला सूर्याशी काही घेणं नव्हतं. मला तो माइक पाहिजे होता.

मॅडमचं प्रत्येक वाक्य ‘काय?’वर संपायचं. “दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, काय? डोळा जाईल, काय?” पहिल्याच दिवशी मला त्यांचा आवाज सापडला. थोडा नाकातून, शेवटचं अक्षर ताणलेलं, आणि मग तो ‘काय’, टाचणी टोचल्यासारखा. जिना उतरेपर्यंत माझा पाठ झाला होता.

काम अगदी साधं. दुर्बिणीच्या मागे लाकडी पॅड घट्ट बसवलेलं, पॅडवर कागद, कागदावर कंपासने काढलेलं वर्तुळ. सूर्याचं चित्र दुर्बिणीतून त्या कागदावर पडायचं. ते बरोबर वर्तुळात बसवायचं आणि त्यावर जे काळे डाग दिसतील ते पेन्सिलीने जिथल्या तिथे उतरवायचे. रोज. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे डाग रोज थोडे सरकतात. प्रश्न असा होता की सगळे सारखेच सरकतात का? का मधल्या पट्ट्यातले पुढे पळतात आणि वरचे मागे पडतात?

“उत्तर पुस्तकात आहे,” मॅडम म्हणाल्या. “ते बघायचं नाही. आपल्याला आपल्या कागदावरून काढायचंय, काय?”

अडचण एकच होती. सगळे मोठे डाग मधल्या पट्ट्यातच यायचे. वर एकही नाही. वरचा डाग सापडल्याशिवाय तुलना कशाशी करणार? मेळावा जवळ येत होता आणि सूर्याच्या वरच्या मजल्यावर कुणी राहायला येत नव्हतं.

शेवटपर्यंत टिकलो आम्ही तिघं. एक मी. एक इकॉनॉमिक्सवाली, वरळीची. बीडीडी चाळीतून नव्या टॉवरात गेल्यापासून तिला लिफ्टची वाट बघायची इतकी सवय झाली होती की तिचा धीर कधी संपायचाच नाही. कागद मोजायचे आणि आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे, हे काम तिचं. आणि तिसरा तो. बीकॉम, लालबाग, काकांचा गणपतींचा कारखाना. चित्र एक दिवस त्याने काढायचं, एक दिवस मी.

तर हा कारखान्यात आखणी करायचा. मूर्ती घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, आणि डोळे काढणारे वेगळे. डोळे काढणं म्हणजे आखणी, आणि तो ब्रश कुणाच्याही हातात देत नाहीत. याच्या हातात दिलेला. आता तुम्हीच सांगा, बाप्पाचे डोळे काढणाऱ्या हाताला सूर्याचे डाग म्हणजे काय जड? त्याच्या कागदावर डाग असे बसायचे की वाटावं छापून आलेत. मॅडमनी त्याचा पहिलाच कागद स्टाफरूमबाहेरच्या बोर्डावर लावला. मग दुसरा लावला. मग तो बोर्डच त्याचा झाला.

माझा कागद बघून मॅडम म्हणायच्या, “छान, काय?” छान त्या कँटीनच्या चहालापण म्हणायच्या.

मी जळायचो. साधासुधा नाही, बरोबर बारा वाजता, डोक्यावर ऊन आणि आत हे. जाता-येता तो बोर्ड दिसायचा. लायब्ररीला जायचं तर बोर्ड, बाथरूमला जायचं तर बोर्ड. घरी मी मामाच्या पेपरवर ठिपके काढायची प्रॅक्टिस केली. पुढाऱ्यांच्या तोंडावर देवी आल्यासारखं दिसायला लागलं, पण हात काही सुधारला नाही.

एकदा इकॉनॉमिक्सवाली म्हणाली, “त्याचा हात बघ ना, जराही थरथरत नाही.”

“माझापण नाही थरथरत.”

“तुझा थरथरत नाही रे. तुझा नाचतो.”

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो वाईट नव्हता. डब्यात घावणे आणायचा, माझ्यापुढे सरकवायचा, “घे रे, आईने जास्त दिलेत.” मी खायचो आणि जळायचो. दोन्ही एका वेळी जमतं.

जळून जळून मी शेवटी माझ्या धंद्यावर आलो. याची नक्कल करायची. पण जमेना. नक्कल करायला माणसात कुठेतरी खोट लागते. कुणी अडखळतो, कुणी नाक ओढतो, कुणी ‘म्हणजे काय आहे ना’ म्हटल्याशिवाय सुरूच होत नाही. ती खोट पकडली की अख्खा माणूस हातात येतो. याच्यात काही नव्हतंच. बोलायचा कमी, चालायचा सरळ. गुळगुळीत भिंतीवर खिळा शोधावा तसा मी त्याच्यामागे लागलो. त्याच्या पाळीच्या दिवशीपण गच्चीवर जायला लागलो, टाकीला टेकून उभा राहायचो. मॅडमना वाटलं, पोराला गोडी लागली.

आणि सापडली. फुंकर.

पेन्सिल टेकवायच्या आधी तो कागदावर फुंकर मारायचा. हळू, ओठांचा चंबू करून. मग मान तिरकी करून बघायचा, परत फुंकर, मग पेन्सिल. मी खूश झालो, कारण आता तो माझा होता. आणि मग मी जरा नीट बघितलं. त्या दिवशी वर्तुळात वरच्या बाजूला एक बारीक, फिकट टिकली पडली होती. त्याने फुंकर मारली. टिकली गेली नाही. परत मारली. मग नखाने टिचकी मारली, कपाळावरचा कण उडवावा तशी. आणि मग ती सोडून बाकीचे डाग सुंदर काढले.

मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मी टिकली काढली. माझ्या हाताने ती टिकलीची चवळी झाली, पण काढली. त्याच संध्याकाळी मेळाव्याचा सराव होता. स्टेजवर कोण जाणार, ते तिथेच ठरणार होतं.

सरावाला आर्ट्सची, कॉमर्सची बरीच पोरं गोळा झाली होती. माझी वेळ आल्यावर मी आधी मॅडम झालो. “सूर्याकडे बघायचं नाही, काय? माझ्याकडे बघायचं, काय?” हशा आला. मग मी काही न बोलता त्याच्या कागदासमोर गेलो. मान तिरकी. फुंकर. परत मान तिरकी. परत फुंकर. मग नखाने टिचकी, आणि मग दोन पावलं मागे येऊन बाप्पाला हात जोडतात तसे जोडले. माणसं खुर्चीवरून खाली यायची बाकी होती. मुंबईत आल्यापासून असं हसणं मी ऐकलं नव्हतं. पोट भरलं.

“याने सूर्य साफ केला,” मी म्हटलं. “जो डाग आपण इतके दिवस शोधतोय, तो याने कचरा म्हणून सोडला. माझ्याकडे आहे.” आणि माझा कागद वर धरला.

मॅडम उठून आल्या. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. त्याचे कान लाल झाले होते.

“मला धूळ वाटली,” तो एवढंच म्हणाला.

मला वाटलं, झालं. माइक माझा. मी ओठावरून जीभ फिरवली. तेवढ्यात इकॉनॉमिक्सवाली माझे जुने कागद घेऊन पुढे आली. तिचा तो धीर, जो मला आवडायचा, तो आता माझ्याकडे चालत येत होता.

“हा खालचा डाग कुठला रे?”

“कुठला म्हणजे? सूर्याचा.”

“मंगळवारी इथे. गुरुवारी इथे. शनिवारी पण इथेच. आजपण इथेच.”

“मग?”

“सूर्य फिरतोय ना?”

“फिरतोय.”

“मग हा का बसलाय?”

माझ्या फुंकरीला आलं होतं त्याच्या दुप्पट हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाराला आम्हाला गच्चीवर नेलं आणि म्हणाल्या, “हलवून बघा, काय? दुर्बिणीला बोटाने हळूच धक्का द्या. जो सूर्याबरोबर सरकेल तो सूर्याचा. जो जागेवर बसेल तो आपल्या काचेवरचा.” मी धक्का दिला. सूर्य सरकला. मोठे डाग सरकले. वरची टिकली सरकली. माझा डाग जिथे होता तिथे बसून होता, शिपाई स्टुलावर बसतो तसा.

म्हणजे त्याने डाग धूळ समजून सोडला, आणि मी धूळ डाग समजून रोज मन लावून काढली. नक्कल करणाऱ्याचा हा रोगच आहे. समोरच्याचा खोकलापण उतरवून घेतो. खोकला त्याचा की घशात अडकलेल्या शेंगदाण्याचा, ते विचारत नाही.

हे सगळं बघायला तो मात्र गच्चीवर नव्हता. त्यानंतरही आला नाही.

मॅडमनी दोघांचे कागद माझ्यासमोर ठेवले. “त्याची जागा अचूक, पण डाग गाळलेले. तुझे डाग सगळे, पण जागा वाट्टेल तिथे. एकेकट्याचे रद्दीत जातील, काय? एकाने हलवायचं आणि एकाने काढायचं, तर काम होईल. टिकली कडेला पोचत आलीये. एकदा पलीकडे गेली की आपला प्रश्न तसाच राहील.” मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तू हसवलंस, तू आण.”

मी लालबागला गेलो. माघी गणपती तोंडावर आलेले, त्यामुळे कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. निळ्या ताडपत्रीखाली रांगेने बाप्पा, अंगावर रंग, डोळे नाहीत. काकांनी मला खालून वर बघितलं.

“तूच मां तो नकल्यो? ये. बघान पाय ठेव, रंग ओलो आसा.”

म्हणजे बातमी घरापर्यंत गेली होती.

तो एका मूर्तीसमोर उकिडवा बसला होता. ब्रश डोळ्याच्या कोपऱ्यात होता, त्यामुळे कुणी काही बोलेना. मीपण नाही. रेष पूर्ण झाली. त्याने फुंकर मारली.

“काय रे, बसलेला डाग,” तो मान न वळवता म्हणाला. इकॉनॉमिक्सवालीने कळवलं असणार.

“उद्या येतोस ना?”

“माघी आहे. काम पडलंय.”

“अर्धा तास रे. दुपारी.”

“तूच काढ की. तुला सगळं दिसतं.”

“मला नसलेलंपण दिसतं. तोच वांधा झालाय.”

तो हसला नाही. ब्रश पाण्यात बुडवून फडक्याला पुसत बसला. “बाप्पाच्या तोंडावर कण राहिला ना, तर गिऱ्हाईक विचारतं, देवी आल्या काय रे तुमच्या गणपतीला? म्हणून फुंकर मारतो. लहानपणापासूनची सवय आहे. त्यात तुला हसायला काय झालं?”

“हसायला नाही झालं. तुझे कागद बोर्डावर होते.”

“मग?”

“माझे नव्हते.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मग ब्रश खाली ठेवला, उभा राहिला, आणि मी झाला. मान पुढे काढली, कासवासारखी. हात हवेत माइक शोधत गेला. आणि बोलायच्या आधी त्याने ओठावरून जीभ फिरवली. विनोद करायच्या आधी मी ओठ चाटतो हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. “म्हणजे बघा हां,” तो माझ्या आवाजात म्हणाला, जरा कणकवली, जरा परळ, “मी आहे, मी आहे, आणि इकडे पण मीच आहे.” रंगवणारी पोरं हातातले स्प्रे सोडून हसली. काका खांबाला धरून हसले.

वाईट कशाचं वाटलं सांगू? नक्कल सॉलिड झाली होती. तेपण त्याला माझ्यापेक्षा बरं जमलं.

“उद्या बारा,” तो परत बसत म्हणाला. “अर्ध्या तासाच्या वर नाही थांबणार.”

तो आला. मी बोटाने दुर्बिणीला धक्का द्यायचो आणि सांगायचो, “सरकला. काढ.” “बसला. सोड.” तो काढायचा. फुंकर मारायची सवय सुटली नाही, पण आता फुंकर मारून माझ्याकडे बघायचा. पुढचे काही दिवस आम्ही टिकली कडेपर्यंत सोडायला गेलो. शेवटच्या दिवशी ती इतकी काठावर होती की नुसती रेघ दिसत होती. इकॉनॉमिक्सवालीने गच्चीवरच लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे घातले, स्क्रीनवर ओढणी धरून. मग म्हणाली, “मधले पुढे गेलेत. ही मागे राहिली.” परत एकदा मोजलं. तेच.

पुस्तकात हे आधीपासून लिहिलेलं आहे, मला माहीत आहे. तरीपण तिघांनी तो आकडा आळीपाळीने परत वाचला. मी तर दोनदा, याची नोंद घ्या. आणि मग माझं लक्ष कागदाकडे गेलं. टिकली त्याच्या हातची होती, रोजची, एका ओळीत, छापल्यासारखी. माझ्या बोटाचा कागदावर कुठे मागमूसही नव्हता. बोट उठत नाही ना कागदावर.

स्टेजवर तो जाईल, असं मॅडमनी सांगितलं. “तू आधीच बोललायस, काय?”

मेळावा गिरगावातल्या एका कॉलेजात होता. हॉलमध्ये पडद्यासाठी अंधार केलेला. तो स्टेजवर, इस्त्रीच्या शर्टात. इकॉनॉमिक्सवाली लॅपटॉपवर. मी सगळ्यात मागे, मॅडमच्या शेजारी, उभा. तो चांगला बोलत होता. फुंकरीची गोष्ट त्याने स्वतःच सांगितली, देवी आल्या काय वगैरे, आणि हॉल हसला. माझी गोष्ट. माझा हशा. मी पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होतो.

मग पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी विचारलं, “हा वरचा छोटा डाग, हा काचेवरची धूळ नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?”

सगळ्यात सोपा प्रश्न. आमचा तर पाळलेला प्रश्न. पण त्याचा आवाज बंद झाला. मूर्तीसमोर मिनिटंच्या मिनिटं गप्प बसायची सवय, तसा तो माइकसमोर बसला. ओठांचा चंबू झाला, फुंकर मारणार की काय असं वाटलं. इकॉनॉमिक्सवाली मान वळवून अंधारात आम्हाला शोधत होती. उत्तर माझ्या बोटात होतं. त्या सगळ्या कामात ती एकच गोष्ट माझी होती. आणि ते माझ्या तोंडून निघालं, पण ज्या आवाजात मी ते पहिल्यांदा ऐकलं होतं, त्याच आवाजात.

“हलवून बघायचंऽ, काय?”

नाकातून. टाचणीसकट. परीक्षक मागे वळले. अंधारात त्यांना एकच बाई दिसली. मॅडमच्या तोंडात बिस्कीट होतं. स्टेजवर तो जागा झाला, “हो, दुर्बीण हलवून,” म्हणाला आणि पुढचं सगळं नीट सांगितलं. पण परीक्षकांनी त्याआधीच काहीतरी लिहून घेतलं होतं. ते काय होतं, ते निकाल लागल्यावर कळलं. काम उत्तम, पण प्रश्नोत्तरात मार्गदर्शकांनी उत्तर पुरवलं. आमचं नाव विजेत्यांत नव्हतं.

मॅडमनी मला बाहेर जिन्यापाशी उभं केलं. ती दोघं मागे, डब्यातले घावणे हातात धरून, न खाता.

“मी बोलले?” मॅडम म्हणाल्या.

“नाही, मॅडम.”

“परीक्षकांना कोण बोलल्यासारखं वाटलं?”

“तुम्ही.”

“मी जाऊन सांगितलं त्यांना, की हा पोरगा होता. ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, असू दे मॅडम, होतं असं. इतकी वर्षं शिकवतेय मी. पोरांना कधी एक अक्षर पुरवलं नाही. पुस्तक उघडू दिलं नाही तुम्हाला.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकाही वाक्याच्या शेवटी ‘काय’ नाहीये.

“उत्तर बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. “ते तुझं होतं. तुझ्या आवाजात दिलं असतंस, तर गटाच्या खात्यात गेलं असतं, आणि त्या एवढ्या हॉलने वळून तुझ्याकडे बघितलं असतं. तेच पाहिजे होतं ना तुला? इतके दिवस तेच पाहिजे होतं. मिळत होतं, आणि तू ते माझ्या नावावर केलंस. याचं तोंड बंद पडलं, ते समजतं मला, तो घाबरला. तुझं उघडलं तर त्यातून मी बाहेर पडले. तू कुठे होतास?”

मी ओठावरून जीभ फिरवली. मागे तो खुदकन हसला. मॅडमनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो गप्प झाला.

“चाटू नकोस,” त्या मला म्हणाल्या. “आता काही बोलूपण नकोस. वरच्या पट्ट्यात नवीन डाग आलाय, सकाळी बघितलाय मी. उद्या बाराला गच्चीवर ये. बोट घेऊन ये. तोंड घरी ठेवून ये.”